ते लोकनृत्य नव्हतं

सॅमसनभाऊ, रूबेन, आणि आज इथे आलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला उभं केलंय. मी नलिनी. इथल्या बऱ्याच जणांना मी 'टाकानिनीच्या आजी' म्हणून माहीत आहे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी नोकरी झाली. दिवसभर अनोळखी माणसांशी बोलायचं, हेच काम. तिथे कधी शब्द शोधावा लागला नाही. आज शोधावा लागतोय. थोडं सांभाळून घ्या.

सकाळी आरशासमोर उभं राहून एकच वाक्य म्हणून बघत होते. हन्ना गेली. दोनच शब्द आहेत. सून खालून म्हणाली, "आई, चला, उशीर होतोय." आणि माझे दोन शब्द अजून पुरे होत नव्हते. आता म्हणते. हन्ना गेली.

माझ्या आधी शिरीषभाऊ बोलले. आपल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी म्हणून बोलले, मनापासून बोलले. हन्ना किती हसतमुख होती, किती मदत करायची, सगळं खरं आहे. पण त्यांच्या मागे, त्या पडद्यावर, हन्नाच्या फोटोखाली काय लिहिलंय बघा. 'लोकनृत्य मार्गदर्शक.'

शिरीषभाऊ, रागावू नका. मी तुम्हाला काल फोनवर सांगितलं होतं, माइक माझ्या हातात दिलात तर मी याच्यावर बोलणार. तरीही तुम्ही दिलात. तो तुमचा मोठेपणा.

हन्ना लोकनृत्य शिकवत नव्हती. ते लोकनृत्य नव्हतं. ती प्रार्थना होती. या एका शब्दासाठी त्या बाईने हा हॉल सोडला, माणसं गमावली, भर थंडीत चिखलात उभी राहिली. आणि जो शब्द तिने नाकारला तोच तिच्या शोकसभेत तिच्या नावाखाली चिकटवलेला मी गप्प बसून बघणार नाही. रूबेन, बाळा, तो प्रोजेक्टर बंद कर. हां. आता बरं वाटलं.

ज्यांची तिची ओळख नव्हती, त्यांच्यासाठी सांगते. हन्ना बेने इस्रायली. आपल्या कोकणातले यहुदी. अलिबागच्या बाजूचं घराणं. तिचे पूर्वज गलबत फुटून त्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचं. हन्ना स्वतः वाढली ठाण्यात. नर्स झाली. नवऱ्याबरोबर, आपल्या सॅमसनभाऊंबरोबर, इथे ऑकलंडला आली, बॉटनी डाउन्सला घर केलं, रूबेनला वाढवलं, शेवटपर्यंत वॉर्डात ड्यूटी केली.

मंडळाच्या कार्यक्रमात नवा कुणी आला की तिला हटकून विचारायचा, "अय्या, तुम्ही इतकं छान मराठी कसं बोलता?" ती तितक्याच गोड आवाजात विचारायची, "तुम्ही कसं बोलता?"

माझी तिची भेट इथेच झाली, याच हॉलच्या मागच्या खोलीत. माझ्या यजमानांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलगा म्हणाला, मुलुंडच्या फ्लॅटमध्ये एकटी काय करणार, आई? आले. टाकानिनीत नवी कोरी घरं, सगळी एकसारखी, कुंपणंसुद्धा एका रंगाची. सकाळी मुलगा-सून गाड्या काढणार, नात शाळेत जाणार, आणि मग संध्याकाळपर्यंत मी आणि फ्रीजची घरघर. मी रोज कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन दूध आणायचे. घरात दूध असायचं. तरी आणायचे. कारण तो दुकानदार "हाउ आर यू टुडे" असं विचारायचा. माना हलतायत बघा तिकडे. किती आयांना ठाऊक आहे हे.

त्या रविवारी मंडळाचं वाचनालय उघडलं होतं. सून मला सोडून बाजाराला गेली. पुस्तकं बदलून झाली तरी तिचा पत्ता नाही. तेवढ्यात मागून गाण्याचा आवाज आला. शब्द मराठी. देवाची स्तुती होती, पण चाल कधी न ऐकलेली. मी दार ढकललं.

आत पंधरावीस माणसं हात धरून गोल फिरत होती. अनवाणी. बहुतेक बायका, दोनतीन पुरुष. भिंतीपाशी खुर्चीवर एक गृहस्थ छोटा स्पीकर घेऊन बसलेले. सॅमसनभाऊ, ते तुम्ही होतात. आणि डोक्याला ओढणी गुंडाळलेली, बुटकी, गोल चेहऱ्याची बाई. ती नाचायची थांबली नाही. तिने शेजारणीचा हात सोडला आणि आपला हात माझ्यापुढे केला.

मी म्हटलं, "नको, मी नुसती बघते."

"इथे बघायची सोय नाही," ती म्हणाली. "खुर्च्या मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. एक आहे, ती गाणं लावणाऱ्याची."

"मी हिंदू आहे हो."

"हात दोन आहेत ना?"

"आणि मी देव वगैरे फारसा मानत नाही."

"हरकत नाही. तो तुम्हाला मानतो. चला, डावा पाय."

मंडळी, यजमान गेल्यापासून कुणी माझा हात धरला नव्हता. हात मिळवले होते, नमस्कार झाले होते, सांत्वनाला पाठीवर हात फिरवला होता. पण धरून ठेवला नव्हता. त्या दिवशी एका बाजूने हन्नाने धरला, दुसऱ्या बाजूने एका फिजीच्या बाईने, आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. मी घरी गेले तर सून म्हणाली, "आई, चेहरा लाल का झालाय? बीपी बघू का?"

पुढच्या रविवारी मी आपली तयारीने गेले. मला वाटलं, गोल फिरायचं तर मध्ये काहीतरी हवं. समई नेली, झेंडूची चार फुलं नेली, मांडली मधोमध. हन्नाने हळूच दोन्ही उचललं आणि खिडकीत ठेवलं. म्हणाली, "नलूताई, मध्ये काही ठेवायचं नाही. मूर्ती नाही, दिवा नाही, मीसुद्धा नाही."

"मग मध्ये काय?"

"फिरा तुम्ही. बघा काय वाटतं."

मला अजूनही ते धड कळलेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण इतकी माणसं एका रिकाम्या जागेकडे तोंड करून गातात, आणि कुणी कुणाच्या पुढे नाही, कुणी मागे नाही, तेव्हा छातीत काहीतरी होतं. देवळात रांगेत उभी राहिले आहे मी. तिथे माझ्यापुढे कायम कुणाची तरी पाठ असायची. इथे सगळ्यांचे चेहरे दिसायचे.

हन्ना सांगायची, त्यांच्यात प्रार्थनेला 'तफिला' म्हणतात. पुस्तक उघडून म्हणतात, गाऊन म्हणतात आणि अंगानेही म्हणतात. फार पूर्वी तिचे पूर्वज इजिप्तच्या गुलामीतून सुटून समुद्र पार करून आले, तेव्हा बायकांनी काय केलं? सामान लावलं? चूल मांडली? नाही. डफ घेतले आणि नाचल्या. "एवढं संकट टळल्यावर नुसतं थँक्यू म्हणून कसं भागेल, नलूताई?" ती म्हणायची. काही पावलं तिने इस्रायलात राहणाऱ्या मावशीकडून उचललेली, काही ठाण्यात सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराच्या, अंगणात सणाला बघितलेली. स्तोत्रं मात्र मराठी. तिच्या आईच्या तोंडची.

आणि वेग कसा ठरायचा माहीत आहे? सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसावरून. ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा मी. एकदा एक तरुण मुलगी वैतागून म्हणाली, "कॅन वी गो अ बिट फास्टर?" हन्ना म्हणाली, "घरी जाताना कर फास्ट. मोटरवे आहे."

तिच्याही लोकांत सगळ्यांना हे पटलं होतं असं नाही. एक वडीलधारे गृहस्थ मुद्दाम येऊन म्हणाले, बायका-पुरुष हात धरून, आणि त्यात परजातीचे, ही कसली तफिला? तिने त्यांना चहा दिला. म्हणाली, "काका, तुम्ही पुस्तकातून म्हणा, मी पायांनी म्हणते. ऐकणारा एकच आहे." काकांनी चहा घेतला. पुन्हा आले नाहीत.

आता आपल्या लोकांचं सांगते. दिवाळीचा कार्यक्रम होता. शिरीषभाऊ तिला म्हणाले, "हन्नाताई, चार मिनिटांचा आयटम बसवा ना. स्टेजवर. लाइट्स एकदम भारी करू." ती हसली. "शिरीषभाऊ, तुम्ही आरतीला आयटम म्हणता का?" ते पण हसले. विषय तिथे संपला असं आम्हाला वाटलं.

तो संपला नव्हता. पुढच्या वर्षी कुणीतरी तक्रार केली. कुणी ते मला माहीत आहे, आणि मी नाव घेणार नाही, कारण ती व्यक्ती इथे बसली आहे आणि तिने स्वतःहून येऊन बसण्याची हिंमत केली आहे. तक्रार अशी की मागच्या खोलीत दर रविवारी धार्मिक प्रकार चालतात.

मी त्या दिवशी इथल्या किचनमध्ये कप विसळत होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं. शिरीषभाऊ म्हणाले, "हन्नाताई, हॉलच्या अटीत नियमित उपासना बसत नाही. तुम्ही असं करा, बुकिंगला 'फोक डान्स' म्हणा. आत काय करता ते कोण बघायला येतंय?"

"गणपतीत याच हॉलमध्ये आरती होते," हन्ना म्हणाली.

"ते कल्चरल आहे."

"आणि माझं?"

"तुमचं... लोकांना रिलिजियस वाटतं."

"कुठल्या लोकांना?"

पाण्याचा तो मोठा बॉयलर तेवढा सूं सूं करत होता.

"शिरीषभाऊ, तुमचा देव कल्चरल आणि माझा देव रिलिजियस. हे कसं ठरलं?"

"अहो, एक शब्द तर आहे, हन्नाताई."

"एकच आहे म्हणून तर देता येत नाही. दहा असते तर एक दिला असता."

ओढणी सारखी केली, स्पीकर उचलला आणि गेली. चिडली नाही. दार आपटलं नाही. चिडले मी. माझ्या हातून कप फुटला. मंडळाचा कप. त्याची भरपाई मी अजून दिलेली नाही आणि देणारही नाही.

बाहेर गाडीपाशी आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं. मीही. म्हटलं, हन्ना, लिहून टाक. झुंबा लिही, गरबा लिही, काय बिघडतं? आत आपण आपलं करू. आणि ती जे बोलली ते मी तुम्हाला तिच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करते.

ती म्हणाली, "नलूताई, आमचे लोक कोकणात उतरले तेव्हा पुस्तकं बुडालेली होती. भाषा विसरली. सण विसरले. कुठल्या महिन्यात काय करायचं ते विसरले. शनिवार तेवढा राहिला. तेव्हा गावातलं कुणी भलं माणूस म्हणालंच असेल, अर्धा दिवस घाणा चालू ठेवा, कोण बघतंय? त्यांनी तो चालू ठेवला असता तर आज मी कोण असते? मी तुमच्यासमोर उभी आहे ती त्या बंद घाण्यामुळे."

मी तिच्या हातातला स्पीकर घेतला आणि गाडीत ठेवला.

तिने हॉल सोडला. आणि मंडळी, निम्म्याहून जास्त जणांनी तिला सोडलं. थेट कुणी सांगितलं नाही. कुणाच्या मुलाचं क्रिकेट निघालं, कुणाकडे पाहुणे आले, कुणाची पाठ धरली. राहिलो आम्ही सात-आठ. त्यात तो फिजीचा हात होता, सॅमसनभाऊ होते, माझे दुखरे गुडघे होते.

आम्ही त्यांच्या घराजवळच्या मैदानात जायला लागलो. जून महिना, म्हणजे इथला भर हिवाळा. ऑकलंडचा तो पाऊस तुम्हाला माहीत आहे, पडतोय की नुसता हवेत लटकलाय ते कळत नाही. अनवाणी कसले, आम्ही गमबूट घालून फिरायचो. चिखलात पाय रुतायचा, फच्‌ फच्‌ आवाज, आणि वर दाविदाची स्तोत्रं. माझा मुलगा म्हणाला, "आई, न्यूमोनिया होईल. आणि लोक काय म्हणतील?" नात म्हणाली, "आजी, यू आर सो एक्स्ट्रा." अती करते म्हणे मी. म्हटलं, हो, करते. जाताना गाडीने सोड म्हणावं तुझ्या बाबाला.

एकदा एक उंच, पिकल्या केसांचा माओरी माणूस कुत्रा घेऊन चालला होता. थांबला, त्यांच्या भाषेत नमस्कार केला. "किया ओरा. व्हॉट आर यू सेलिब्रेटिंग?" हन्ना फिरता फिरताच म्हणाली, "नथिंग. वी आर प्रेइंग." त्याने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली. गाणं संपेपर्यंत पावसात तसाच उभा राहिला. कुत्रासुद्धा बसून राहिला. मग टोपी घातली आणि गेला. त्याला अट आठवली नाही. नियम आठवला नाही. प्रार्थना चालली आहे म्हटल्यावर माणसाने काय करायचं ते त्याला माहीत होतं.

मग एका रविवारी सॅमसनभाऊंच्या गाडीचं चाक बसलं. त्यांनी ओळखीच्या अनिलला फोन केला. अनिल नाशिकचा, त्याचं माउंट वेलिंग्टनला टायरचं वर्कशॉप आहे. तो आला तर आम्ही सगळ्या निथळत उभ्या.

"हे काय चाललंय?" त्याने विचारलं.

"तफिला. प्रार्थना," हन्ना म्हणाली.

"इथे? छत नाही का कुठे?"

"नाही."

त्याने चाक बदललं, नट आवळले, हात पुसले. मग म्हणाला, "माझ्याकडे आहे छत. रविवारी बंदच असतं. पण रबराचा वास येईल."

"देवाला वासाचं काही नसतं," हन्ना म्हणाली. "पण एक सांगते. मी त्याला दुसरं नाव देणार नाही. कुणी विचारलं तर प्रार्थनाच सांगणार."

"मग दुसरं काय सांगणार?" अनिल म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नाही. "चावी ठेवा तुमच्याकडे. स्वीट ॲज, काही हरकत नाही."

अनिल, मान खाली घालू नकोस. मी कौतुक करत नाहीये, झालं ते सांगतेय.

दोन वर्षं आम्ही त्या वर्कशॉपमध्ये प्रार्थना केली. शटर अर्धं वर. एका भिंतीला टायरांच्या चळती, एका बाजूला गाडी उचलायची लिफ्ट, खाली सिमेंटची जमीन, तेलाचे काळे डाग. हन्ना आधी जाऊन जमीन झाडायची. अनिल कुलूप लावायला म्हणून यायचा आणि दारात टेकून उभा राहायचा. आत ये म्हटलं की म्हणायचा, "नको, मला नाही जमत." दारातून गाण्याला मान डोलवायची तेवढी जमायची.

सून म्हणाली, "आई, टायरच्या दुकानात प्रार्थना?" मी म्हटलं, तुझ्या देवघराला बघ, तेही किचनच्या कपाटात आहे. त्यानंतर ती एकदा मला सोडायला आली आणि थांबली. मग येत राहिली. असेच एकेक करत आम्ही पुन्हा बरेच झालो.

आणि मग हन्ना आजारी पडली.

ती नर्स होती. रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी तिनेच वाचला असणार. तिने आम्हाला घरी बोलावून, जवळ बसवून वगैरे काही सांगितलं नाही. रविवारी गोल करून उभ्या राहिलो, हात धरले, आणि ती म्हणाली, "ऐका. पोटात आहे. पसरलंय. फार दिवस नाहीत. रडायचं तर घरी जाऊन रडा. आता डावा पाय."

आणि आम्ही फिरलो. काय करणार? तिचा हात माझ्या हातात होता.

ती हॉस्पिटलात असताना शिरीषभाऊ भेटायला आले. हेही मला सांगितलं पाहिजे. एक दिवसाआड ते डबा घेऊन यायचे. वहिनींच्या हातचा मऊ भात, वर तूप. आपल्यापैकी किती जण आले? ते आले. एक दिवस मी तिथेच होते. डबा उघडून ठेवत शिरीषभाऊ म्हणाले, "हन्नाताई, हॉल परत घ्या. रविवार तुमचा. कमिटीचं मी बघतो."

हन्नाने डोळे उघडले. "काय म्हणून?"

शिरीषभाऊंनी खाली बघितलं. "ते... बुकिंगला फोक डान्सच राहू द्या ना."

हन्नाने त्यांचा हात हातात घेतला. सलाइन लावलेल्या हाताने. म्हणाली, "भात छान झालाय. वहिनींना सांगा."

संपलं. दोघांपैकी कुणी तो विषय पुन्हा काढला नाही. डबा शेवटपर्यंत येत राहिला, आणि शब्द शेवटपर्यंत दिला गेला नाही. मंडळी, माणसावर माया करूनही त्याला 'नाही' म्हणता येतं, हे मी सत्तरीला टेकल्यावर एका आजारी बाईच्या खाटेपाशी बसून बघितलं.

शेवटचं एकदा तिला वर्कशॉपला यायचं होतं. डॉक्टर म्हणाले, दगदग नको. रूबेन, तू पण नको म्हणालास, आणि तुझं चुकलं नव्हतं, तू मुलगा आहेस. तुला ती म्हणाली, "बाळा, मी नाचायला नाही जात. प्रार्थनेला जाते. प्रार्थनेला आजारी माणसाने जायचं नाही तर कुणी जायचं?" तूच तिला उचलून गाडीत बसवलंस.

तिला उभं राहवत नव्हतं. कुणीतरी अनिलच्या ऑफिसातली चाकांची खुर्ची आणली आणि तिला मध्ये बसवायला लागलं. अशी रागावली! आवाज नव्हता, तरी रागावली. "मला मध्ये बसवता? मी काय देव आहे?" मग खुर्ची आमच्या ओळीत घेतली. तिचा एक हात मी धरला. दुसरा हात रिकामा होता. सॅमसनभाऊ इतकी वर्षं स्पीकरपाशी बसायचे. त्या दिवशी त्यांनी गाणं लावलं, स्पीकर टायरांवर ठेवला आणि येऊन बायकोचा हात धरला.

आम्ही निघालो. खुर्ची आमच्याबरोबर सरकत होती. पण त्या जमिनीत पाणी जायला एक चर आहे. तिथे चाक अडकलं. गोल थांबलं. गाणं चालूच. आणि दारात उभा असलेला अनिल आत आला, त्याने मागून खुर्ची उचलली, चरापलीकडे ठेवली. पुढच्या फेरीला पुन्हा चर. पुन्हा त्याने उचलली. मग तो दारात परत गेलाच नाही. खुर्चीच्या मागे मागे चालत राहिला, आणि हळूहळू त्याची पावलं आमच्यासारखी पडायला लागली.

हन्नाचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात ती पुटपुटली. मी वाकले, वाटलं काहीतरी शेवटचं सांगतेय. ती म्हणाली, "नलूताई, तुमचा डावा पाय अजून चुकतोय."

ही हन्ना.

ती गुरुवारी गेली. दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळून शब्बाथ, म्हणजे त्यांचा सुट्टीचा शनिवार, लागायच्या आत, माती दिली. साधी लाकडाची पेटी. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हार आणले होते, ते गाडीतच राहिले. त्यांच्यात फुलं वाहत नाहीत. त्यांच्यात आपल्या हाताने माती लोटतात. मीही फावडं घेतलं. हे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यायचं नसतं, असं सॅमसनभाऊ म्हणाले. बरोबर आहे.

त्यांच्या सुतकाचे सात दिवस आम्ही त्यांच्या घरी जाऊन बसत होतो. तेव्हा सॅमसनभाऊ मला म्हणाले, "मंडळ सभा घेतंय, तुम्ही बोला." मी विचारलं, काय बोलू? ते म्हणाले, "जे झालं ते." म्हणून बोलले. यात कुणाचा अपमान झाला असेल तर तो माझ्या नावावर लिहा, त्यांच्या नाही.

आता शेवटचं. सभेआधी चहाच्या टेबलापाशी मी दोघांना बोलताना ऐकलं. "आता ते बंद पडेल ना?" वाईट हेतूने नव्हते विचारत. पण उत्तर देते. नाही. बंद पडणार नाही. त्यांच्या रीतीप्रमाणे तीस दिवस गाणं-वाजवणं नाही, ते आम्ही पाळतोय. तीस दिवसांनंतर जो रविवार येईल त्या दिवशी दुपारी शटर उघडेल. जे सोडून गेले त्यांनी या. का गेलात, कुणी विचारणार नाही. ज्यांच्या आया दिवसभर फ्रीजची घरघर ऐकत बसतात, त्यांनी आईला घेऊन या. ज्यांनी तक्रार केली त्यांनी या. शिरीषभाऊ, तुम्ही तर याच.

फक्त येताना हे समजून या की तुम्ही प्रार्थनेला येताय. एका यहुदी बाईने घालून दिलेल्या, यहुदी प्रार्थनेला. पोलीस आले, पाऊस आला, घरमालक आला, कुणीही आलं आणि विचारलं, इथे काय चाललंय, तर आम्ही तेच सांगणार. मराठीत सांगू, इंग्रजीत सांगू. कमी करून सांगणार नाही. झाकून सांगणार नाही.

आता आपण उभं राहू या. मला इथे दोन मिनिटं म्हणून सांगितलंय, पण मी घड्याळ लावणार नाही. ज्याला जितका वेळ हन्ना आठवेल तितका वेळ त्याने उभं राहावं आणि मग खुशाल बसावं. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसूनच आठवावं. मान खाली घालायची गरज नाही. आपण काही चोरी केलेली नाही, आणि तिनेही केली नव्हती.

मी इतक्यात बसणार नाही. माझ्यासाठी कुणी थांबू नका.

हन्ना, शालोम.

उठा.